मापात धरलेली आगगाडी

कुर्डुवाडीला मोठ्या लायनीच्या गाडीतून उतरलं की सामान उचलून पलीकडे जायचं. तिथं बार्शी लाईट उभी असे. मोठ्या गाडीत आजीला हात देऊन वर ओढावं लागायचं. हिच्या डब्यात ती एका पावलात चढायची आणि चढल्या चढल्या दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसायची. बाहेर ज्वारीची शेतं इतकी जवळ, की हात बाहेर काढला तर कणसं लागतील असं वाटे. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. पुढं नोकरीपायी गावं बदलली, छोटी लाईन मोठी झाली, आजी गेली. बऱ्याच वर्षांनी घरातली एक खोली रिकामी झाली, तेव्हा त्या मार्गावरचं एक लहानसं स्टेशन प्रतिकृतीच्या रूपात उभं करायचं मी ठरवलं.

पहिल्याच संध्याकाळी अडलो. फलाट जमिनीपासून किती उंच होता? स्टेशनमास्तरांच्या खोलीचं दार रुळांकडे उघडायचं की मागच्या अंगणात? छपराला कौलं होती की पत्रा? पाण्याची टाकी कुठल्या अंगाला होती? ज्या जागी लहानपणी कितीदा उतरलो, तिचा एकही आकडा मला सांगता येईना. कोळशाचा वास आठवत होता, शिट्टी आठवत होती, दशम्यांसोबतची शेंगदाण्याची चटणी आठवत होती. माप एकही आठवत नव्हतं.

या पुस्तकाचं मूळ त्या संध्याकाळी आहे. जे आपल्याला फार आवडतं ते आपण नीट पाहिलेलं असतंच असं नाही. प्रतिकृती करायला बसलेल्या माणसाला मात्र नीट पाहण्यावाचून गत्यंतर नसतं. चित्रकार एखादा कोपरा सावलीत सोडून देऊ शकतो, लेखक नुसत्या शिट्टीवर प्रसंग उभा करू शकतो. रूळ कापणाऱ्याला दोन स्लीपरांमधलं अंतर ठरवावंच लागतं. म्हणून हा छंद मी मोजण्याचा छंद मानतो. आणि एखादी गोष्ट कुणी इतक्या बारकाईनं मोजायला घेतली, तर त्यामागं माया असते, हेही या वाटेवरच्या माणसांकडं पाहून सांगतो.

मराठीत या सगळ्याला अजून सुटसुटीत नाव नाही. त्याच्या दोन शाखा आहेत. एक घरातली: टेबलावर, माळ्यावर, गच्चीत किंवा अंगणात छोटी रेल्वे उभी करायची. दुसरी घराबाहेरची: जुने मार्ग, जुनी इंजिनं, बोगदे, शेड, संग्रहालयं शोधत हिंडायचं, त्या गाड्यांतून प्रवास करायचा, टिपणं आणि छायाचित्रं ठेवायची. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन वेगळ्या स्वभावांची माणसं वाटतात, एक घरकोंबडा आणि एक भटक्या. माझा अनुभव निराळा आहे. नेरळ ते माथेरान दिवसभर वळणं मोजून आलेला माणूस रात्री कागदावर रेघा मारायला लागतो, आणि खोलीत महिनाभर अडकून पडलेला कारागीर एका सकाळी टेप घेऊन एखाद्या ओसाड स्टेशनाकडं निघतो. दोन्ही शाखा या पुस्तकात एकत्र आल्या आहेत त्या याच कारणानं.

नव्या वाचकानं आधी दोन शब्द वेगळे करून घ्यावेत: स्केल आणि गेज. स्केल म्हणजे खरी वस्तू किती पट लहान केली ते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. जगात सर्वाधिक चालणारं स्केल एचओ, म्हणजे सत्त्याऐंशी पट लहान. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेचं गेज १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की १६.५ मिलिमीटर येतं, आणि बाजारात रूळ त्याच मापाचे मिळतात. त्याहून लहान एन, १६० पट, रूळ ९ मिलिमीटरचे. आणखी लहान झेड, २२० पट, रूळ ६.५ मिलिमीटरचे. ब्रिटनमध्ये मात्र एक तडजोड झाली आणि ती आजही निस्तरली जात आहे. तिथली इंजिनं अंगानं लहान, त्यामुळं त्या काळच्या मोटरी एचओच्या इंजिनात मावत नव्हत्या. मग इंजिन थोडं मोठं, सुमारे ७६ पट लहान असं केलं आणि रूळ तेच १६.५ चे ठेवले. हिशेब केला तर त्या रुळांचं खरं अंतर १२५७ मिलिमीटर भरतं, म्हणजे असायला हवं त्यापेक्षा जवळजवळ वीतभर कमी.

आता आपल्याकडं वळू. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओमध्ये त्याचे रूळ १९.३ मिलिमीटर हवेत, मिळतात १६.५ चे. डेक्कन क्वीनचा डबा कितीही चोख केला तरी तो अरुंद रुळांवर तोल सावरत उभा असल्यासारखा दिसतो. ज्यानं वर्षानुवर्षं फलाटाच्या कडेवरून खाली रुळांकडं पाहिलं आहे, त्याच्या डोळ्याला काहीतरी चुकतंय एवढं कळतंच. यावर तीन उपाय आहेत. एक, डोळा सरावू देणं. बहुतेक जण हेच करतात आणि सुखानं गाड्या चालवतात. दोन, रूळ स्वतः टाकणं आणि प्रत्येक चाकाचा आस बदलणं. तीन, स्केलच बदलून सुमारे १०२ पट करणं. मग रूळ बरोबर येतात, पण बाजारातली माणसं, मोटारी, घरं काहीच मापाला येत नाही. मला स्वतःला दुसऱ्या वाटेवरच्या लोकांबद्दल सर्वांत जास्त आदर आहे, पण ती वाट नवख्याला दाखवू नये.

ब्रॉडगेजनं दिलेलं दुःख नॅरोगेज भरून काढतो. बार्शी लाईट आणि यवतमाळकडची शकुंतला या दोन्ही लायनी ७६२ मिलिमीटरच्या. ८७ नं भागलं की ८.७६ येतात, आणि एन स्केलचा तयार रूळ आहे ९ चा. फरक पाव मिलिमीटर! म्हणजे रूळ एनचे आणि डबे एचओच्या मापाचे करावेत. महाराष्ट्राच्या छोट्या गाड्या जवळजवळ अचूक बसतात. गोव्याकडची मुरगाव ते कॅसलरॉक ही जुनी मीटरगेज लाईन करायची तर ११.५ मिलिमीटर लागतात, आणि स्विस छोट्या गाड्यांसाठी बनणारा १२ चा रूळ चालून जातो. माथेरानचे ६१० मिलिमीटर एचओमध्ये ७ होतात. तिथं झेडचा रूळ वापरणारे आहेत. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला झोप आली नाही.

जागेचा हिशेबही छोट्या लायनीच्याच बाजूनं आहे. एक किलोमीटर एचओमध्ये साडेअकरा मीटर होतो. आपला नेहमीचा आयसीएफ डबा २१ मीटरांहून थोडा लांब, म्हणजे टेबलावर सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर. सतरा डब्यांची गाडी भिंतीपासून भिंतीपर्यंत चार मीटर खाते. ब्रॉडगेजचं १७५ मीटर त्रिज्येचं तीव्र वळण दोन मीटर त्रिज्येचं होतं, म्हणजे एक पूर्ण वेढा घ्यायला चार मीटर रुंदीची खोली हवी. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात हे बसायचं कुठं? चार-पाच डब्यांची नॅरोगेज मात्र पुस्तकांच्या कपाटावरही मावते.

हे सगळं खेळण्यातूनच सुरू झालं, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. जर्मनीतल्या मार्क्लिन कंपनीनं १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची रेल्वे मांडली. त्याआधीही खेळण्यातल्या गाड्या होत्या, पण मार्क्लिननं गेजची मापं ठरवून दिली आणि रूळ सुटे विकायला काढले. आज घेतलेल्या गोलाला पुढच्या वर्षी सांधा जोडता येऊ लागला. वाढवता येणं ही गोष्ट खेळण्याला छंद बनवते. ब्रिटनमध्ये नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोकनं १८९९ पासून मोठ्यांसाठी चोख इंजिनं विकली. मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबीच्या किल्लीच्या गाड्या १९२० मध्ये आल्या, तर १९३८ मध्ये त्याच कंपनीची लहान आकाराची विजेची गाडी. अमेरिकेत जोशुआ लायोनेल कोवेननं १९०० मध्ये दुकानांच्या काचेत माल मिरवण्यासाठी विजेवर फिरणारी उघडी वाघीण बनवली. गिऱ्हाइकं मालाऐवजी वाघीणच मागू लागली.

मोठी माणसं एकत्र यायला लागली ती लंडनमध्ये १९१० साली. तिथला मॉडेल रेल्वे क्लब जगातला सर्वांत जुना. अमेरिकेत मिलवॉकी शहरातून १९३४ च्या जानेवारीत ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक निघालं आणि पुढच्याच वर्षी तिथं राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचं मोठं काम म्हणजे चाकांची आणि रुळांची प्रमाणं ठरवणं. एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या सांध्यावरून न घसरता जातं, यामागं हौशी माणसांनी बसून केलेले हे तक्ते आहेत.

पुढं या छंदात घराणी तयार झाली. संग्राहकांचं एक घराणं आहे. त्यांना जुनं पत्र्याचं इंजिन मूळ खोक्यासकट हवं असतं. खऱ्या वाफेवर चालणारी, अंगणात किंवा बागेत धावणारी, माणसाला बसवून नेणारी इंजिनं लेथवर घडवणाऱ्यांचं दुसरं. त्यांच्यात यंत्रशाळेत आयुष्य घालवलेली माणसं जास्त. अमेरिकेत फोफावलेलं तिसरं घराणं गाडी ‘दिसण्या’पेक्षा ‘चालवण्या’ला महत्त्व देतं. त्यांच्या लेआउटवर, म्हणजे उभारलेल्या छोट्या रेल्वेवर, वेळापत्रक असतं, प्रत्येक वाघिणीला कार्ड असतं, आणि संध्याकाळभर आठ-दहा माणसं स्टेशनमास्तर, कंट्रोलर, ड्रायव्हर होऊन माल पोचवतात. कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलन यांचा डोंगरदऱ्यांचा प्रचंड लेआउट या घराण्याचं आणि देखाव्याचं दोन्हीचं तीर्थ होता. १९७३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच तो आगीत गेला. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९४६ मध्ये काढलेल्या क्लबात टेबलाखालच्या वायरिंगमध्ये रमलेला एक गट होता. टेलिफोनच्या रिलेंपासून तो थेट संगणकापर्यंत पोचला, आणि ‘हॅक’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ आला तो या पोरांच्या तोंडी. एकाच रुळावर अनेक इंजिनं स्वतंत्रपणे चालवणारी आजची अंकीय नियंत्रणपद्धती त्यानंतर बरीच वर्षांनी, १९९० च्या दशकात रुळली.

मापाच्या शुद्धतेचं घराणं ब्रिटनमध्ये बळावलं. १६.५ ची तडजोड ज्यांना सहन होईना, त्यांनी १९६० च्या दशकात रूळ थेट १८.८३ मिलिमीटरवर नेले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत! बाहेरच्याला हा हट्ट वाटेल. मला तो सत्याग्रहाच्या जवळचा वाटतो.

या सगळ्यांत ज्या जागेसाठी मी कुणालाही विमानाचं तिकीट काढायला सांगेन, ती ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटनम खेड्यातली. पेंडन संग्रहालय. ऑस्ट्रेलियातून १९२० च्या दशकात इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड नावाच्या तरुणाला तिथली खेडी भुलवून गेली. पण त्याच्या डोळ्यांदेखत जुनी गवती छपरं जात होती, भिंती बदलत होत्या, रस्त्यावर पाट्या लागत होत्या. थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. त्यानं ठरवलं की ही घरं जशी आहेत तशी मोजायची आणि ७६ पट लहान करून ठेवायची, रेल्वेसकट, बागेतल्या फुलझाडांसकट. १९५४ पासून ते काम एका संग्रहालयाच्या रूपात चालू आहे, स्वयंसेवकांच्या पिढ्या बदलल्या तरी. एकेका झोपडीला महिने लागतात. तिथं गाडी क्वचित दिसते, आणि दिसली की गावाच्या कडेनं निघून जाते. आपल्या खेड्यांत हे काम कुणी केलं नाही, हे तिथं उभं राहिल्यावर मनाला फार लागतं.

गाडी ज्यांना भव्यतेसाठी आवडते त्यांनी हॅम्बुर्गला जावं. २००१ मध्ये ब्राउन या जुळ्या भावांनी बंदराजवळच्या जुन्या गोदामात सुरू केलेलं मिनिआटूर वुंडरलँड एचओमधलं एक अख्खं जग आहे. तिथं दिवसाची रात्र होते, विमानतळावरून विमानं उडतात. लहान मुलांना आधी तिथं न्यावं, मग पेंडनला.

घराबाहेरच्या शाखेचा इतिहास वेल्समधल्या एका गरीब लायनीपासून मोजतात. टॅलिलिन रेल्वे १८६५ ची, गेज दोन फूट तीन इंच, काम स्लेटच्या खाणीतला माल वाहण्याचं. १९५० मध्ये तिचा मालक वारला आणि लाईन बंद पडणार हे दिसू लागलं. एल. टी. सी. रोल्ट नावाच्या लेखकानं बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली, आणि १४ मे १९५१ ला हौशी माणसांच्या संस्थेनं गाडी चालवली. कारकून, शिक्षक, इंजिनिअर, विद्यार्थी; सुट्टीच्या दिवशी येऊन गवत काढणारे, खडी भरणारे, तिकिटं फाडणारे. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे. १९६० मध्ये ब्लूबेल लाईननं तोच प्रयोग मोठ्या गेजवर केला. १९६३ च्या बीचिंग अहवालानं ब्रिटनमधले हजारो मैलांचे मार्ग बंद करायची शिफारस केली, १९६८ मध्ये वाफेचा शेवट झाला, आणि नेमक्या त्याच काळात वेल्समधल्या बॅरी इथल्या एका भंगारवाल्याच्या आवारात शेकडो इंजिनं गंजत उभी राहिली. त्याला वाघिणी फोडण्यातून सवड मिळाली नाही. तिथं आलेल्या २९७ इंजिनांपैकी २१३ हौशी लोकांनी वर्गणी काढकाढून सोडवून नेली. अमेरिकेत कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी १९७० मध्ये मिळून कंब्रेस-टॉल्टेक ही डोंगरी लाईन विकत घेतली. जपानच्या ओइगावा रेल्वेवर १९७६ पासून वाफ पुन्हा फिरते.

या चळवळीवर आक्षेप घेणारे म्हणतात की अशी गाडी शेवटी सहलीचं साधन होते. काही ठिकाणी ते खरं आहे. पण इंजिन चालू ठेवायचं तर बॉयलर धुवायची रीत, विस्तव सारखा पसरायची रीत, कुठल्या सांध्यात किती तेल घालायचं ही समज, सगळं कुणीतरी कुणाला तरी शिकवावं लागतं. काचेमागं ठेवलेल्या इंजिनासोबत हे ज्ञान जपलं जात नाही. धावत्या इंजिनासोबत जपलं जातं. माझ्या दृष्टीनं टॅलिलिनची खरी कमाई ही आहे.

आपल्याकडं हे जपण्याचं काम बहुतांशी रेल्वे खात्यानंच केलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याकडं साहिब, सुलतान आणि सिंध या तीन इंजिनांनी ओढलेली पहिली गाडी निघाली. त्या तिघांपैकी एकही आज आपल्याकडं नाही. जाग आली ती १९७० च्या दशकात. दिल्लीच्या चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडलं, आणि देशभर हिंडून जुनी इंजिनं हुडकण्यात मायकेल सॅटो या भारतात नोकरीला असलेल्या इंग्रज हौशी माणसाचा मोठा हात होता. १८५५ चं फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा धावलं. दार्जिलिंगची गाडी १९९९ मध्ये, निलगिरीची २००५ मध्ये आणि कालका-सिमला २००८ मध्ये जागतिक वारसा ठरली. मधल्या काळात, २००४ मध्ये, आपलं बोरीबंदरचं स्थानकही.

महाराष्ट्रात पाहण्यासारखं जे आहे त्याची यादी या पुस्तकात इतरत्र आहे. इथं फक्त माझ्या मनातली चार ठिकाणं. पहिलं पुण्यात कर्वे रस्त्यावर. भाऊ जोशी यांनी हयातभर जमवलेल्या आणि बांधलेल्या छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथं १९९८ मध्ये सुरू झालं. कितीतरी पुणेकर मुलांनी सिग्नल पडताना आणि सांधा बदलताना पहिल्यांदा पाहिला तो तिथं, आणि मराठी घरात एवढा मोठा लेआउट उभा राहू शकतो हा धीर आम्हाला भाऊंनी दिला. दुसरं नागपूरचं मोतीबाग, २००२ पासूनचं नॅरोगेज संग्रहालय. सातपुड्यातल्या छोट्या लायनींचं जाळं एकेक करून मोठं झालं, तिथली इंजिनं इथं आली. तिसरं बोरघाट. तिथं १८६३ पासून सदतिसास एक असा चढ गाड्या चढताहेत, आणि मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा आवाज आजही दरीत घुमतो. १९२८ पासून या घाटात राबलेलं, तीन तुकड्यांत वाकणारं विजेचं इंजिन घाटातल्या कर्मचाऱ्यांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखलं. जगात त्याला मगर म्हणतात, पण ते चालताना पाहिलेल्याला आपलंच नाव बरोबर वाटेल. चौथं माथेरान. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून १९०७ मध्ये झालेली ही लाईन विसास एक इतकी चढते. तिच्या जर्मन बनावटीच्या चार इंजिनांची टोकाची चाकं वळणावर आडवी सरकू शकत, म्हणून ती त्या वळणांवर टिकली. २००५ च्या जुलैतल्या पावसानं तिचे रूळ वाहून नेले, २०१९ ला पुन्हा तसंच झालं. दोन्ही वेळा ती उठली.

बार्शी लाईटबद्दल थोडं जास्त लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. प्रतिकृतीसाठी मापं शोधताना मला कळलं की मी ज्या गाडीत दशम्या खाल्ल्या, तिचा अभ्यास जगभरचे लोक करतात. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरचा सिद्धांत असा: इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ पुरतो, पूल हलके होतात, खर्च उतरतो, आणि तरीही वाघीण भरपूर माल घेते. त्यानं लीड्सजवळ रूळ टाकून हे सिद्ध करून दाखवलं. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी आली, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. कापूस आणि वारकरी, दोन्ही तिनं वाहिले. वारीच्या दिवसांत मालडब्यांतूनही माणसं बसत. हाच कॅल्थ्रॉप पुढं इंग्लंडमधल्या लीक-मॅनिफोल्ड लायनीला बार्शीची अक्कल घेऊन गेला. ती लाईन १९३४ मध्येच बंद झाली, आणि तरी तिच्या प्रत्येक इंजिनाची, डब्याची, स्टेशनाची मापं आज कुणालाही मिळतात, कारण हौशी माणसांनी ती घेऊन ठेवली. आमची बार्शी लाईट एकविसाव्या शतकापर्यंत चालली. तिच्या लहान स्टेशनांची मापं मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाहीत.

म्हणून हे पुस्तक आता. एकच गेज करण्याचं धोरण १९९२ मध्ये आलं आणि ते प्रवाशांच्या हिताचं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुर्डुवाडीला गाडी बदलत बसण्यात लातूरकरांना काही सुख नव्हतं. पण यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला आपल्या डोळ्यांसमोर थांबली, निळे आयसीएफ डबे एकेक करून जाताहेत, सिग्नलचे हात खाली आले, केबिनी पाडल्या जाताहेत. वाफेवर काम केलेली माणसं आता सत्तरीपुढची आहेत. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची शेवटची गाडी १९९५ मध्ये धावली. दुसऱ्या बाजूला, करण्याची साधनं कधी नव्हती इतकी हाताशी आली आहेत. लेझरनं पत्रा आणि पुठ्ठा कापून मिळतो, त्रिमितीय छपाईच्या यंत्रातून डब्याची खिडकी सकाळी आखून संध्याकाळी हातात येते. हत्यारं आहेत, माणसं अजून आहेत, मापं मात्र निसटताहेत. हा योग दहा वर्षांनी राहणार नाही.

पुस्तक काय करू पाहतं तेही सांगतो. हा वस्तूंचा कॅटलॉग नाही आणि रेल्वेचा इतिहासही नाही. ज्याच्याकडं एक टेबल, एक पट्टी आणि महिन्याला थोडे पैसे आहेत, त्याला पहिलं स्टेशन उभं करता यावं, आणि ज्याच्याकडं रविवार आहे त्याला जुनी लाईन वाचता यावी, एवढा त्याचा आवाका. यातल्या वेगवेगळ्या लेखकांच्या लेखांमध्ये मतभेद आहेत. ते मी तसेच ठेवले आहेत. एक लेखक म्हणतो की रुळांच्या साध्या गोलापासून सुरुवात करा, दुसरी लेखिका म्हणते की पहिल्या दिवसापासून खरं स्टेशन निवडा. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पलंगाभोवती गोल फिरणाऱ्या गाडीनं कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही. भटकंतीच्या भागात एक गोष्ट वारंवार आली आहे आणि ती कंटाळा न करता वाचावी: चालू रुळांवर उतरायचं नाही, शेडमध्ये परवानगीशिवाय शिरायचं नाही, बंद स्टेशनातली एक फिशप्लेटही घरी आणायची नाही. माप घ्यावं, वस्तू ठेवावी.

परिशिष्टात कोरे तक्ते दिले आहेत. स्टेशनाचं नाव, फलाटाची लांबी-उंची, दारं-खिडक्यांची मापं, छपराचा उतार, रंग, झाडं, विहीर, आणि माहिती देणाऱ्या माणसानं सांगितलेल्या गोष्टी यांसाठी जागा आहे. पान फाडून खिशात घालता यावं म्हणून ती पानं एकाच बाजूनं छापली आहेत.

आभार अनेकांचे आहेत, पण एक प्रसंग सांगून थांबतो. माझं स्टेशन बरंचसं पूर्ण झालं तेव्हा छोट्या लायनीवर फिटर म्हणून राबलेले एक काका पाहायला आले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी वाकून पाहिलं, सांध्याचा लिव्हर बोटानं हळूच हलवून पाहिला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, “सगळं बरोबर हाय. पाण्याची टाकी तेवढी उलटीकडं लावलीस. तिकडं लिंबाचं झाड हुतं, इंजिन थांबलं की आमी सावलीत जेवायचो. टाकी या अंगाला.” मी विचारलं, झाड रुळांपासून किती लांब होतं? त्यांनी डोळे मिटले, जमिनीवर पावलं टाकल्यासारखे पाय हलवले आणि सांगितलं, “अकरा पावलं.”

त्यांचं पाऊल मी तिथंच टेपनं मोजून घेतलं. टाकी दुसऱ्या दिवशी हलवली. लिंबाचं झाड अजून करतो आहे.